कॉकटेलचा एसजीपीटी वाढलाय म्हणजे लिव्हर गेलं का?

कोपरखैरण्याच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉकटेल, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, पाच वर्षांचा, नर, पहिल्यापासून दुकानातला मिक्स दाणा खातो आणि त्यातलं सूर्यफूल आधी वेचून खातो. दोन महिन्यांपासून चोच वाढतेय, शी हिरवी होतेय, जरा फुगून बसतो. ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्याचं रक्त तपासून घेतलं, एसजीपीटी (माणसांत लिव्हरसाठी मोजतात ते एन्झाइम) वाढलेला आला, आणि आता सगळे सांगतायत की पाण्यात लिव्ह-५२ या लिव्हरच्या आयुर्वेदिक औषधाचे थेंब टाका. शिवाय भावाच्या घरी कळव्याला जाडजूड ससा आहे, तो कालपासून खात नाहीये, तर त्यालाही तेच थेंब द्यायचे का?

मी ठाण्यात एक्झॉटिकच बघतो, म्हणजे पक्षी, ससे, गिनीपिग, हॅमस्टर वगैरे. सशाचं आधी सांगतो कारण ते उद्यावर ढकलता येत नाही.

कालपासून खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत किंवा मोहरीएवढ्या बारीक पडतायत, तर भावाला सांगा आजच दाखवायला न्या, रविवार असला तरी. ससा उलटी करू शकत नाही, त्याचं आतडं सतत चालू राहायला लागतं, आणि पोटात अन्न यायचं बंद झालं की शरीर साठवलेली चरबी काढून लिव्हरकडे पाठवायला लागतं. ससा जाड असेल तर ही चरबी एवढी येते की लिव्हरला ती निस्तरता येत नाही, तिथेच साचते. याला हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात, आपल्या भाषेत फॅटी लिव्हरच, पण माणसांचं फॅटी लिव्हर वर्षानुवर्षं तसंच चालतं तसं इथे नाही, इथे काही दिवसांत खेळ आटोपतो. म्हणजे लिव्हर बिघडलं म्हणून ससा खात नाही हे कमी वेळा, खात नाही म्हणून लिव्हर बिघडलं हे रोजचं. थेंबांनी काय होणार सांगा, त्याला पोटात अन्न पाहिजे आणि खाणं का सुटलं ते शोधायला पाहिजे.

बहुतेक वेळा कारण दाढांत असतं, गवत कमी आणि गाजर, पाव, बिस्कीट जास्त खाणाऱ्या सशांच्या दाढा झिजत नाहीत, त्यांना टोकं येतात आणि ती जिभेला, गालाला टोचतात. बाहेरून पुढचे दात बघून "दात ठीक आहेत" म्हणू नका, मागचे दिसतच नाहीत. नाहीतर मग एप्रिल-मे मधला उकाडा, कुठलंतरी दुखणं, जोडीदार गेला, घर बदललं, खाणं अचानक बदललं.

टेबलावर ससा घाबरून मुतला की मी पहिल्यांदा लघवीची पट्टी बुडवतो, मेडिकलमध्ये मिळते तीच साधी माणसांची. सशाची लघवी एरवी गढूळ, खडू कालवल्यासारखी असते कारण जास्तीचं कॅल्शियम तिथूनच जातं, आणि पीएच ८ च्या आसपास किंवा वर. उपाशी सशाची लघवी स्वच्छ पाण्यासारखी दिसायला लागते, पीएच खाली येतो आणि कीटोनचा, म्हणजे चरबी जळताना तयार होणाऱ्या पदार्थाचा, चौकोन रंग धरतो. मालकाला वाटतं अरे वा, लघवी किती साफ झाली, आणि मला त्याच लघवीची काळजी वाटते. अर्ध्या मिनिटाचं काम, पण लिव्हरवर लोड आलाय का हे कुठल्याही मोठ्या रिपोर्टच्या आधी कळतं. सोबत ग्लुकोमीटरवर साखर, ती ३६० च्या वर गेली तर आतडं कुठेतरी अडकलंय का अशी शंका घ्यायची आणि लगेच एक्स-रे. पोट ढोलासारखं टणक असेल तर घरी सिरिंजने काहीही भरवू नका. अडथळा नाही हे डॉक्टरने बघितलं की मग भरवणं हेच मुख्य औषध, पेलेट म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून पातळ करून, पुढच्या दातांच्या मागच्या फटीतून, थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा. सोबत सलाईन, दुखणं कमी करायचं इंजेक्शन, गरज असेल तर आतडं चालायचं औषध. ससा परत स्वतःहून गवत ओढायला लागेपर्यंत हे थांबवायचं नाही, एक दिवस खाल्लं की लोक सोडून देतात आणि परत तेच.

सशांत अजून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे लिव्हरचा एखादा भाग स्वतःभोवती पिळला जातो, लोब टॉर्शन. दिसायला अगदी गॅस झालेल्या सशासारखंच, पण हिरड्या पांढऱ्या पडतात, रक्त कमी होतं, एएलटी म्हणजे तोच आपला एसजीपीटी एकदम वर जातो. डॉप्लरवाली, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी, सोनोग्राफी केली तरच पक्कं कळतं आणि बरेचदा ऑपरेशन करून तो भाग काढावा लागतो. लटकत्या कानांच्या जातींत जास्त बघायला मिळतं. नेहमीच्या उपचाराने ससा सुधारत नाही आणि फिका पडतोय असं दिसलं की याच्या मागे लागायचं. आणि हो, सशाचं एएलटी रक्तात फार टिकत नाही, काही तासांतच अर्ध्यावर येतं, त्यामुळे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही.

दुसरं छोट्या पिल्लांचं. बाजारातून महिनाभराचं पिल्लू आणलं, खातंय भरपूर पण पाठीचं हाड लागतं आणि पोट मात्र मोठं, तर लिव्हरचा कॉक्सिडिया डोक्यात ठेवायचा. आयमेरिया स्टिडी नावाचा परजीवी पित्ताच्या नळ्यांत वाढतो. लेंड्यांची साधी तपासणी केली तर अंडी दिसतात, औषध आहे, टोलट्राझुरिल किंवा सल्फा गटातलं. पण पिंजरा रोज साफ आणि कोरडा पाहिजे कारण लेंडीतून पडलेली अंडी दोन-तीन दिवस ओलाव्यात राहिली की मगच लागण करायच्या लायकीची होतात. आपल्याकडे जुलैमध्ये काहीच वाळत नाही, त्यामुळे औषध देऊनही परत परत होतं ते यामुळे.

एक हात जोडून विनंती, मुलाच्या तापाला आणलेली अमॉक्सिसिलिनची बाटली फ्रीजमध्ये उरली म्हणून सशाला किंवा गिनीपिगला तोंडाने देऊ नका. त्यांच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि लिव्हरचं राहू द्या, जनावर जुलाबानेच जातं.

गिनीपिगचं खाणं सुटलं तर सशासारखीच घाई करा, फक्त त्यांना व्हिटॅमिन सी बाहेरूनच मिळावं लागतं, रोज किलोमागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम, आजारपणात वरच्या बाजूला. सिमला मिरची द्या, आवळ्याचा छोटा तुकडा पण चालतो. गाभण आणि जाड गिनीपिग मादी शेवटच्या दोन आठवड्यांत खायची थांबली तर ती इमर्जन्सी आहे, तिथेही चरबी, कीटोन, लिव्हर हीच साखळी असते.

आता कॉकटेल.

ताई, तो एसजीपीटी विसरून जा. खरंच. पक्ष्यांत एएलटी लिव्हरबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, ते एन्झाइम त्यांच्या बऱ्याच टिश्यूंमध्ये असतं आणि लिव्हर पार बिघडलेलं असतानाही नॉर्मल येऊ शकतं. शिवाय लॅबच्या कागदावर शेजारी छापलेली रेंज माणसांची असते. बिलिरुबिनचंही तेच, पक्ष्यांच्या शरीरात बिलिव्हर्डिनचं पुढे बिलिरुबिन करणारं एन्झाइम नसतं, म्हणून त्यांना आपल्यासारखी कावीळ होत नाही, डोळे पिवळे होतायत का हे बघत बसू नका. हिरवं रंगद्रव्य हिरवंच बाहेर पडतं आणि ते दिसतं शीमध्ये.

म्हणून शी नीट बघायला शिका. पक्ष्याच्या शीचे तीन भाग असतात, मधली वळी म्हणजे खरी शी, तिच्यावर पांढरा खडूसारखा भाग म्हणजे युरेट, आणि भोवती पाणी. वळी हिरवी असणं यात काहीच नवल नाही, पालक-कोथिंबीर खाल्ली तर हिरवीच होणार, आणि उपाशी असेल तर फक्त पित्त उतरतं म्हणून गडद हिरवी, जवळजवळ काळपट होते. बघायचा असतो तो पांढरा भाग. तो पोपटी किंवा पिवळा झालाय का? वर्तमानपत्र काढा, ट्रेमध्ये पांढरा कोरा कागद घाला आणि शी पडल्या पडल्या फोटो काढा, कारण शी तासभर पडून राहिली की वळीचा रंग पांढऱ्यात उतरतो आणि उगाच घाबरायला होतं. अर्ध्याहून जास्त मालक मला वाळलेल्या शीचे फोटो पाठवतात त्याचा काही उपयोग होत नाही.

पांढरा भाग खरोखरच पोपटी असेल तर माझ्या डोक्यात पहिलं नाव फॅटी लिव्हरचं येत नाही, सिटाकोसिसचं येतं. क्लॅमिडिया सिटासी नावाच्या जंतूने होतो, लिव्हर आणि प्लीहा सुजते, आणि तो माणसांना लागतो, ताप-खोकला-न्यूमोनिया होतो. नवीन पक्षी घरात आणला होता का हल्ली? घरात कुणाला बरा न होणारा खोकला आहे का? असेल तर त्यांच्या डॉक्टरांना "घरात पक्षी आहे" एवढं वाक्य नक्की सांगा, ते सहसा कोणी विचारत नाही. तपासणी होईपर्यंत पिंजरा आजी-आजोबा किंवा गरोदर बाई असतील तर त्यांनी साफ करू नये, इतरांनी मास्क लावून, कागद आधी पाण्याने भिजवून मग उचलायचा, कोरडी धूळ उडवायची नाही. स्वॅब घेऊन पीसीआर करतात. पॉझिटिव्ह आला तर डॉक्सिसायक्लिन, आणि ते ४५ दिवस, मध्ये पक्षी टुणटुणीत झाला तरी थांबायचं नाही. तेवढे दिवस पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी टांगलेलं कटल बोन काढून ठेवा, कॅल्शियम डॉक्सीला अडवतं.

पण तुमचं वर्णन, म्हणजे सूर्यफूल, वाढती चोच, हळूहळू सुस्ती, हे जुन्या फॅटी लिव्हरचं जास्त वाटतंय. सूर्यफुलाच्या सोललेल्या बीमध्ये जवळजवळ अर्धं तेलच असतं. जंगलातला पक्षी दिवसभर उडतो, आपला पिंजऱ्यात बसून एका वाटीतून खातो. मिक्स दाण्यात राळा, बाजरी, करडई सगळं असतं पण त्याला निवड दिली की तो लग्नातल्या पंगतीत फक्त जिलबी उचलणाऱ्या पोरासारखं वागणारच, त्याला दोष नाही. वर भुईमूग देत असाल तर तो आजच बंद. पावसाळ्यात दमट डब्यात ठेवलेल्या शेंगदाण्याला आणि मक्याला बुरशी धरते, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन थेट लिव्हरवर जातं आणि दाणा वरून चांगला दिसत असला तरी आत असू शकतं. खाडीकडच्या भागात राहणाऱ्यांनी दाण्याची पाच किलोची गोणी स्वस्त पडते म्हणून घेऊ नये, थोडा थोडा घ्या, हवाबंद डबा.

चोचीबद्दल एक गोष्ट नीट ऐका. लिव्हर बिघडलं की चोच आणि नखं भराभर वाढतात, चोच पापुद्रे निघाल्यासारखी होते आणि तिच्यावर काळपट डाग दिसतात, ते म्हणजे आत साकळलेलं रक्त. रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं. अशा पक्ष्याची चोच घरी नेलकटरने कापली आणि रक्त सुरू झालं तर ते थांबत नाही. दुकानवाला "दोन मिनिटांत कापून देतो" म्हणाला तरी नको. आम्ही आधी व्हिटॅमिन के देतो आणि मग छोट्या ग्राइंडरने घासतो, तेही पक्षी स्टेबल असेल तरच.

तपासणी कशी होते ते सांगतो म्हणजे तुम्हाला कळेल काय मागायचं. आधी वजन, ग्रॅममध्ये. कॉकटेल साधारण ८० ते ११० ग्रॅमचा असतो पण आकड्यापेक्षा छातीचं हाड हाताला कसं लागतं ते महत्त्वाचं. जाड पक्ष्याच्या छातीवर दोन बाजूंना उशा झालेल्या असतात आणि हाड खोबणीत जातं. मग हाडाच्या खालची पिसं स्पिरिटच्या बोळ्याने ओली करून बाजूला सारायची, तिथली कातडी इतकी पातळ असते की आतलं दिसतं. लिव्हर छातीच्या हाडाच्या आतच लपलेलं असायला हवं, खाली गडद लालसर कड डोकावत असेल तर ते वाढलंय, पिवळट कड दिसली तर चरबीचा संशय. मी हे मालकांना हातात टॉर्च देऊन दाखवतो, कारण स्वतःच्या डोळ्यांनी ती कड बघितली की सूर्यफूल बंद करायला परत सांगावं लागत नाही. स्पिरिट थोडंच, नाहीतर पक्षी गारठतो. मादी असेल तर फुगलेलं पोट म्हणजे अंडंही असू शकतं हे विसरायचं नाही.

मग रक्त. निरोगी पक्ष्याचं वजनाच्या एक टक्का काढता येतं, म्हणजे ९० ग्रॅमच्या पक्ष्याचं ०.९ मिली, आजारी असेल तर त्याच्या निम्मंच धरा. एवढ्याशा रक्तात काय तपासायचं ते आधी ठरवावं लागतं, माणसांचं आख्खं पॅकेज मागायचं नाही. मागायचं एएसटी आणि सीके ही दोन एन्झाइमं, आणि पित्तातलं आम्ल म्हणजे बाइल अॅसिड. एएसटी लिव्हरमध्ये असतं तसं स्नायूतही असतं, म्हणून सोबत सीके, ते फक्त स्नायूचं. दोन्ही वाढले तर पक्षी धडपडलाय किंवा छातीत इंजेक्शन दिलंय, एएसटी वाढला आणि सीके नॉर्मल तर बोट लिव्हरकडे. यातही गंमत अशी की सीके लवकर उतरतं आणि एएसटी रेंगाळतं, म्हणून चार-पाच दिवसांपूर्वी कुणी एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं असेल तर रिपोर्ट लिव्हरसारखा दिसू शकतो. म्हणून आधी काय काय दिलंय ते लपवू नका, कोणी रागावणार नाही. एएसटी सांगतं पेशी फुटतायत का, बाइल अॅसिड सांगतं लिव्हर काम करतंय का. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि जुन्या, आकसलेल्या लिव्हरमध्ये एएसटी अगदी सभ्य येतं. सॅम्पल दुधासारखं पांढुरकं आलं तर रक्तात चरबी किती आहे ते तिथेच समजतं, पण मग बाकीच्या आकड्यांवर पूर्ण भरवसा नाही.

एक्स-रेमध्ये पक्षी उताणा ठेवून बघितलं की हृदय आणि लिव्हर मिळून मधे कंबर असलेला डमरू दिसायला हवा, लिव्हर वाढलं की ती कंबर भरून येते. सोनोग्राफी पक्ष्यांत सहसा नीट दिसत नाही कारण हवेच्या पिशव्या आड येतात, पोटात पाणी झालं असेल तर मात्र छान दिसते. बायोप्सी हे शेवटचं उत्तर, पुस्तकात तसंच लिहिलंय आणि बरोबरच आहे, पण ज्या ९० ग्रॅमच्या पक्ष्याचं रक्त गोठत नाही त्याची बायोप्सी करायला मी उत्सुक नसतो. बरेचदा आम्ही आहार बदलून, सिटाकोसिस वगळून, चार-सहा आठवड्यांनी परत रक्त बघतो.

उपचाराचा मोठा भाग तुमच्याच हातात आहे. पक्षी फुगून, डोळे मिटून, शेपटी वरखाली करत श्वास घेत असेल तर पोटात पाणी असू शकतं, तो ॲडमिट करावा लागेल. हातात धरताना छाती दाबू नका, त्यांना श्वासासाठी छातीचं हाड हलवावं लागतं. तसं नसेल तर घरी ऊब, साधारण २८ ते ३० डिग्री, एसी आणि थेट पंखा बंद, मे महिन्यात बल्ब लावायची गरज नाही. थर्मामीटर आत ठेवा, पंख लांब धरून धापा टाकायला लागला तर जास्त झालंय.

आहार मात्र एका दिवसात बदलायचा नाही, हे सगळ्यात जास्त चुकतं. "डॉक्टर म्हणाले सूर्यफूल बंद" म्हणून वाटीत नुसते पेलेट टाकले आणि पक्ष्याने ते अन्न म्हणून ओळखलंच नाही तर तो भरल्या वाटीपुढे उपाशी बसतो, आणि उपाशी राहिला की परत तीच चरबी लिव्हरवर, सशाचं सांगितलं तसंच. आधी सूर्यफूल काढून राळा-बाजरीवर आणा, मग त्यात पेलेटचा चुरा, हळूहळू प्रमाण वाढवा. किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग द्या, मोड ताजे, वास आला की फेका. काही आठवडे लागतात, काही पक्षी महिने घेतात. रोज सकाळी खाण्याआधी किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्के घट झाली की एक पाऊल मागे जाऊन जुना दाणा द्या आणि फोन करा. नुसता पिसारा बघून काही कळत नाही, पिसं फुगवलेला हाडकुळा पक्षी गुटगुटीत दिसतो.

औषधांत सिलिमारिन, उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, लॅक्टुलोज ही नेहमीची, पोटात पाणी असेल तर त्याचं वेगळं. डोस मी इथे लिहिणार नाही, ९० ग्रॅमला एक थेंब इकडेतिकडे म्हणजे दुप्पट होतो. सिलिमारिन घेताना अल्कोहोलवाला अर्क नको. लिव्ह-५२ बद्दल विचारलंत, माझं मत असं की त्यावर विसंबून आठवडे घालवू नका. आणि कुठलंही औषध पाण्याच्या वाटीत टाकू नका, चव बदलली की पक्षी पाणी कमी पितो, वर किती पोटात गेलं याचा हिशोब लागत नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शन "तरतरी यावी म्हणून" कोणी देत असेल तर नको म्हणा.

बरं होतं का, तर हो, फॅटी लिव्हर वेळेत धरलं तर होतं, लिव्हर स्वतःला भरून काढतं, पण महिने लागतात. आकसून कडक झालेलं असेल तर पूर्ववत होत नाही, तरी आहार सांभाळून पक्षी बरा जगतो.

बाकीच्यांचं दोन ओळींत. दीड वर्षावरच्या हॅमस्टरचं पोट फुगलं तर लिव्हरमधल्या पाण्याच्या गाठी किंवा अमायलॉइड, म्हणजे अवयवांत साचलेलं बिघडलेलं प्रथिन, असू शकतं, तिथे त्रास कमी करणं एवढंच हातात असतं, महागड्या तपासण्यांच्या मागे लागू नका. लाल कानाच्या कासवाला वर्षभर नुसती सुकी कोळंबी घातली तर व्हिटॅमिन ए ची कमतरता आणि फॅटी लिव्हर दोन्ही होतं, पापण्या सुजल्या की दाखवा. आणि कंटाळा आला म्हणून ते मासुंदा तलावात सोडायचं नाही, तिथल्या स्थानिक जीवांना ते भारी पडतं.

येताना एवढं करा ताई, ऐरोली-ठाणे रस्त्याला ट्रॅफिक नसेल अशा वेळी निघा, पिंजऱ्यावर पातळ सुती कापड, पाण्याची वाटी काढून गाजराचा किंवा काकडीचा तुकडा ठेवा. चालू असलेल्या दाण्याचं पाकीट, दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या आणि जुना रिपोर्ट आणा. आणि डॉक्टरकडे जायचं म्हणून पिंजरा घासून-पुसून चकचकीत करून आणू नका, कालपासूनचा ट्रेचा कागद आहे तसाच राहू द्या.